पाळी गेल्यावर सुरू झालेली खाज: एका यीस्ट संसर्गाचं प्रकरण

रुग्णाचं वय ५४. पाळी बंद होऊन तीन वर्षं झालेली. आठ महिन्यांपासून लघवीच्या जागी खाज, मधूनच अंगावरून फुटलेल्या दुधासारखं घट्ट पांढरं जाणं, आणि शेवटच्या महिन्यात खाजेपेक्षाही आग जास्त. लघवीचा थेंब लागला तरी कातडी झोंबायची. बसवत नव्हतं, रात्री झोप लागत नव्हती. हे सगळं त्यांनी कुणाला नीट सांगितलेलंच नव्हतं. धाकट्या बहिणीला थोडंफार माहीत होतं, आणि तिनेच एकेक उपाय सुचवले होते.

उपायांचा तो साठा पिशवीत घालून त्या सोबत घेऊन आल्या होत्या. टी ट्री तेलाची अर्धी बाटली, व्हिनेगर, खोबरेल तेल, प्रोबायोटिकच्या कॅप्सूल, सुगंधी ‘इंटिमेट वॉश’ आणि अर्धवट पिळलेल्या मलमांच्या ट्यूबा. "यातलं एक तरी बरोबर होतं का, मॅडम?" हा त्यांचा पहिला प्रश्न. रास्त प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मी पुढे सविस्तर देणार आहे. पण त्याआधी मला दुसऱ्याच एका गोष्टीचं नवल वाटत होतं.

हे या वयात का व्हावं?

कॅन्डिडा नावाची यीस्ट प्रकारची बुरशी मुळात परकी नाही. कसलाही त्रास नसलेल्या शंभर स्त्रियांच्या योनीमार्गातला स्राव तपासला तर दहा ते वीस जणींमध्ये ती सापडते, आणि तिथे तिच्यावर उपचार करायचं काही कारण नसतं. आयुष्यात एकदा तरी तिचा संसर्ग होणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण सुमारे ७५ टक्के मानलं जातं. म्हणजे हा आजार अस्वच्छतेचा नाही, चारित्र्याचा तर नाहीच. हे मी प्रत्येक रुग्णाला मोठ्याने सांगते, कारण त्या शरमेपोटीच बायका महिनोन् महिने घरीच काहीबाही लावत बसतात.

पण हा संसर्ग पाळीच्या वर्षांतला. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक असतं तोवर योनीमार्गाच्या अस्तरात ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठवणीतला प्रकार, साठतं, आणि त्या वातावरणात बुरशी रुजते. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढतं, म्हणून तेव्हा तिचा जोरही वाढतो. पाळी गेली, इस्ट्रोजेन उतरलं, की अस्तर पातळ आणि कोरडं होतं आणि बुरशीचा मुक्काम सहसा उठतो. पाळी गेलेल्या बाईला खाज सुटली तर मी आधी कोरडेपणाचा विचार करते, मग लायकेन स्क्लेरोसससारख्या कातडीच्या आजाराचा. बुरशी खरोखरच सापडली, तर तिला कुणीतरी खाऊ घालतंय असं धरून चालते. बाहेरून घेतलेलं इस्ट्रोजेन, स्टेरॉइड, प्रतिजैविकं किंवा साखर, यांपैकी काहीतरी असतंच.

साखरेबद्दल विचारलं तर त्या जरा नाराजच झाल्या. "मॅडम, शुगर एकदम कंट्रोलमध्ये आहे. इतकी चांगली कधीच नव्हती. तो प्रश्नच नाही." मधुमेह नऊ वर्षांपासूनचा. ताजा एचबीए१सी, म्हणजे मागच्या सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज, ६.६ टक्के, म्हणजे खरोखरच चांगला. बोलताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली: केमिस्टकडून आणलेली बुरशीची गोळी रात्री घेतली की दुसऱ्या दिवशी हात थरथरायचे, दरदरून घाम सुटायचा. "सोसतच नाही मला ती," असं म्हणून त्यांनी ती सोडून दिली होती. हे वाक्य मी कागदावर लिहून ठेवलं.

तपासणीत काय दिसलं

योनीमुख लाल, सुजलेलं, घड्यांमध्ये बारीक चिरा. एवढं बुरशीला शोभण्यासारखंच होतं. पण लाली तिथे थांबलेली नव्हती. ती मांडीच्या आतल्या बाजूला उतरली होती, तिची कड स्पष्ट होती, आणि त्या पट्ट्यातली कातडी सुटून पापुद्रे निघत होते. जिथवर तेलाचं बोट फिरलं होतं, तिथवरच ती लाली होती. पांढुरके, पातळ, सुरकुतलेले चट्टे कुठे नव्हते, त्यामुळे लायकेन स्क्लेरोसस मागे पडला.

योनीमार्गाच्या भिंतीवरचा स्राव दोन काचपट्ट्यांवर घेतला. एकीवर सलाइन, दुसरीवर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड. हे द्रावण पेशी विरघळवतं आणि बुरशी तेवढी मागे उरते. सूक्ष्मदर्शकाखाली लांब तंतू आणि त्यांना फुटलेले गोल कोंब स्वच्छ दिसले. म्हणजे यीस्ट नक्की. तरी बुरशी वाढवून तिची जात ओळखण्यासाठी स्राव कल्चरला पाठवला, कारण मधुमेहात कॅन्डिडा ग्लाब्राटा ही जात तुलनेने जास्त आढळते आणि ती नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाही. ग्लाब्राटा तंतू मात्र काढत नाही, तेव्हा ही अल्बिकन्स, म्हणजे कॅन्डिडाची नेहमीची जातच असणार असा अंदाज होता. कल्चरने तोच खरा ठरवला.

पीएचच्या, म्हणजे आम्लता मोजण्याच्या पट्टीचा इथे उपयोग नव्हता. पाळीच्या वयात योनीमार्गाचा पीएच ३.८ ते ४.५ असतो आणि यीस्टमध्ये तो फारसा हलत नाही, म्हणून तरुण स्त्रियांमध्ये यीस्ट आणि जिवाणूंचा संसर्ग वेगळे ओळखायला पट्टी कामी येते. पाळी गेल्यावर तो एरवीही ४.५च्या वर गेलेला असतो.

मग लघवीची पट्टी बुडवली. साखरेचा निळसर चौकोन बघता बघता हिरवा झाला आणि अर्ध्या मिनिटात गडद तपकिरी. त्याच वेळी बोटातून काढलेल्या रक्तातली साखर ११२. साधारणपणे रक्तातली साखर १८०च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही. त्या स्वतःच पट्टीकडे बघत म्हणाल्या, "मशीन बिघडलंय का?"

"ताई, गोळ्यांची पाकिटं आणलीत का? मला नावं बघायची आहेत."

पाकिटं पर्सच्या तळाशी होती. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, रक्तदाबाची एक गोळी, आणि दहा महिन्यांपूर्वी सुरू झालेली मधुमेहाचीच एम्पाग्लिफ्लोझिन. खाज सुरू झाली आठ महिन्यांपूर्वी.

साखर कुठून येत होती

आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज गाळतात आणि जवळजवळ सगळं परत रक्तात ओढून घेतात. हे ओढून घेण्याचं मुख्य काम एसजीएलटी-२ नावाचं प्रथिन करतं. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन या गोळ्या त्यालाच अडवतात. परिणामी रोज ६० ते ८० ग्रॅमच्या आसपास साखर लघवीवाटे बाहेर जाते आणि रक्तातली उतरते. रक्ताचा अहवाल सुंदर येतो, पण लघवीच्या वाटेवरची कातडी दिवसभर साखरपाण्यात राहते. कॅनाग्लिफ्लोझिनच्या चाचण्यांमध्ये गोळी घेणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी दहा-अकरा जणींना जननेंद्रियांचा बुरशीसंसर्ग झाला. नुसती दिखाऊ, म्हणजे औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण तीनच्या आसपास होतं. पुरुषांनाही होतो, शिश्नाच्या टोकावर, पण कमी.

ही माहिती औषधासोबतच्या पत्रकात छापलेली असते. त्यांना ती तोंडी कुणी सांगितलेली नव्हती, आणि माझी खरी तळमळ या प्रकरणात तिथेच आहे. "ही गोळी सुरू केल्यावर खाज सुटली तर लगेच सांगा, आणि प्रत्येक लघवीनंतर पाण्याने धुवा" एवढी दोन वाक्यं वेळेवर कानावर पडली असती तर पुढचे आठ महिने टळले असते.

थरथरण्याचाही उलगडा याच पाकिटांत होता. केमिस्टकडून आणलेली ती बुरशीची गोळी म्हणजे फ्लुकोनॅझोल. ते यकृतातल्या ज्या विकराला रोखतं, तेच विकर ग्लिमेपिराइडचा निचरा करतं. दोन्ही एकत्र आली की ग्लिमेपिराइड शरीरात साचतं आणि साखर एकदम खाली येऊ शकते. फ्लुकोनॅझोलचा अर्धा भाग शरीराबाहेर जायलाच सुमारे ३० तास लागतात, म्हणून एका गोळीचा परिणाम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही जाणवतो. त्या थरथरीच्या वेळी साखर कुणी मोजली नव्हती, त्यामुळे हे छातीठोकपणे सिद्ध झालं असं म्हणता येणार नाही. पण चित्र पुरतं जुळत होतं. केमिस्टकडून परस्पर गोळी घेण्यातला धोका असा असतो: गोळी बरोबर निघाली तरी तिची बाकीच्या गोळ्यांशी गाठ कुणी घालून बघितलेली नसते.

आता पिशवीतल्या उपायांबद्दल

त्यांनी पहिल्यांदा दही लावलं. गार लागलं, तासाभरासाठी खाज निवली, आणि म्हणून ते पुन्हा पुन्हा लावलं गेलं. तो आराम खरा होता, पण गारव्याचा. दह्यातले जिवाणू आणि योनीमार्गात राहणारे लॅक्टोबॅसिलस एकाच कुळातले असले तरी वेगळे आहेत. दूध नासवणारे जिवाणू योनीमार्गाच्या अस्तरावर घर करतील अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. दही खाण्याबद्दलचा जो अभ्यास नेहमी पुढे केला जातो तो १९९२ सालचा. त्यात वारंवार संसर्ग होणाऱ्या ३३ स्त्रिया होत्या आणि शेवटपर्यंत टिकल्या १३. निकाल आशादायक होता, पण एवढ्याशा संख्येवर सल्ला उभा करता येत नाही. प्रतिजैविकांनंतरचं यीस्ट लॅक्टोबॅसिलसने टळतं का, हे ऑस्ट्रेलियात तपासून २००४ साली प्रसिद्ध झालं. टळत नाही, असं उत्तर आलं. दही खायला आवडत असेल तर जरूर खावं. लावू नये.

मग लसूण. आधी कच्च्या पाकळ्या खाल्ल्या, पोटात जळजळ झाली. एकदा पाकळी आत ठेवली आणि तासाभरात रडत काढली. लसणातलं अ‍ॅलिसिन काचेच्या बशीत कॅन्डिडाला मारतं, यात खोटं काही नाही. पण ६३ स्त्रियांना लसणाच्या गोळ्या किंवा दिखाऊ गोळ्या देऊन केलेल्या २०१४च्या चाचणीत योनीमार्गातल्या बुरशीवर फरक आढळला नाही. आत ठेवलेली पाकळी तर नाजूक अस्तर भाजते. प्रयोगशाळेतल्या बशीत बुरशी मारणारे पदार्थ पुष्कळ सापडतात. बशीला कातडी नसते.

व्हिनेगरच्या पाण्यात बसण्यामागचा तर्क असा की आम्लाने बुरशी मरेल. पण ती मुळात आम्लातच सुखाने राहते. निरोगी योनीमार्ग आम्लधर्मी असूनही ती तिथे वाढतेच ना. चिरा पडलेल्या कातडीवर व्हिनेगरने फक्त आग वाढवली. आतून धुण्याचा कुठलाही प्रकार, मग तो व्हिनेगरचा असो, सोड्याचा असो की औषधी काढ्याचा, मी मना करते. त्याने चांगले जिवाणू वाहून जातात आणि जिवाणूंच्या संसर्गाला वाट मिळते. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात टाकून दहा मिनिटं बसल्याने काहींची खाज तात्पुरती थांबते. बुरशी त्याने जात नाही, पण कातडी अखंड असेल तर अपायही नाही.

सर्वांत जास्त नुकसान टी ट्री तेलाने केलं होतं. सुरुवातीला ते खोबरेल तेलात थेंबभर घातलेलं होतं. गुण येईना म्हणून थेंब वाढत गेले, शेवटी तसंच बोटाने लावलं. या तेलाची अ‍ॅलर्जी चांगली ओळखीची आहे, आणि बाटली उघडून ठेवून तेल जुनं झालं की हवेने त्यात असे बदल होतात की ते आणखी झोंबतं. मांडीवरची ती स्पष्ट कडेची लाली त्याचीच. शेवटच्या महिन्यातली आग ही बुरशीची नव्हतीच मुळी, उपायाची होती. आग वाढली म्हणून आणखी तेल, आणखी तेल म्हणून आणखी आग, असं ते चक्र चाललं होतं.

नुसतं खोबरेल तेल तुलनेने निरुपद्रवी. बाहेरच्या कोरड्या कातडीला ते मऊपणा देतं. बुरशीनाशक म्हणून त्याचा पुरावा प्रयोगशाळेपुरताच आहे. लेटेक्सचा निरोध वापरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की तेलाने तो कमकुवत होतो आणि फाटू शकतो; बुरशीच्या काही मलमांनाही हेच लागू आहे.

बोरिक अ‍ॅसिड त्यांनी वापरलं नव्हतं, पण बहीण पुढचा उपाय म्हणून तेच आणणार होती. ते खरोखर काम करतं. ग्लाब्राटासारख्या चिवट जातीसाठी ६०० मिलिग्रॅमची कॅप्सूल रोज रात्री योनीमार्गात, दोन ते तीन आठवडे, असा उपचार डॉक्टरही लिहून देतात. मात्र ते पोटात गेलं तर विष आहे, गरोदरपणात चालत नाही, आणि सोलवटलेल्या कातडीवर तर नकोच. ‘नैसर्गिक’ या यादीत त्याचं नाव बघितलं की मला काळजी वाटते, कारण घरात लहान मुलांच्या हाताला लागेल अशा डबीत ते ठेवलं जातं.

आणि या सगळ्याच्या आधीचा एक प्रश्न असतो: जे आहे ते यीस्टच आहे का? २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, स्वतःच यीस्ट ओळखून दुकानातून औषध घेतलेल्या ९५ स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा नुसतं यीस्ट निघालं जेमतेम एक तृतीयांश जणींमध्ये. बाकीच्यांचा आजार दुसराच होता, काहींना तर संसर्गच नव्हता. पहिल्यांदाच होत असेल, पाळी गेलेली असेल, दिवस गेलेले असतील, वास येत असेल किंवा ओटीपोटात दुखत असेल, तर आधी तपासणी.

काय केलं

पिशवीतलं सगळं बंद. साबण आणि तो सुगंधी वॉशही बंद. लघवी वारंवार होते म्हणून त्या दिवसभर पॅड लावत होत्या. ओलाव्यात कोंडलेली कातडी हा बुरशीचा आणखी एक फायदा, तेव्हा पॅडऐवजी सुती अंतर्वस्त्रं आणि ओली झाली की बदलणं. आगीसाठी गार पाण्याची घडी, वर साधी पेट्रोलियम जेली, आणि सुजेसाठी सौम्य स्टेरॉइड मलम थोडेच दिवस. क्लोट्रिमॅझोल या बुरशीनाशकाची मलमं एरवी चांगली, पण इतक्या सोललेल्या कातडीवर तीही झोंबली असती. म्हणून तोंडाने घ्यायचं फ्लुकोनॅझोल ठरवलं.

त्याआधी त्यांच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना फोन केला. साखर इतकी आटोक्यात होती की ग्लिमेपिराइडची गरज उरली नव्हती. त्यांनी ती थांबवली. एम्पाग्लिफ्लोझिनचं काय, यावर मात्र बराच वेळ बोललो. लघवीतून प्रथिन जाऊ लागल्याने मूत्रपिंडाला जपण्यासाठीही ती दिलेली होती, आणि या गोळ्यांचा मूत्रपिंडाला आणि हृदयाला होणारा फायदा मोठा आहे. खाजेपायी तो सोडायचा की नाही, हा निर्णय एकट्या स्त्रीरोगतज्ज्ञाने घेण्याचा नाही. रुग्णाने तर मनाने गोळी बंद करूच नये. ठरलं असं, की कातडी भरून येईपर्यंत ती थांबवायची आणि मग रुग्णाशी बोलून पुन्हा सुरू करायची.

फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम, पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी. या वेळी थरथर झाली नाही. दोन आठवड्यांनी त्या आल्या तेव्हा कातडीचा रंग परतला होता आणि काचपट्टीवर तंतू नव्हते.

पुढे दोन वाटा होत्या. वर्षात तीन किंवा अधिक वेळा यीस्ट झालं तर सहा महिने आठवड्याला एक फ्लुकोनॅझोल देण्याची पद्धत आहे. त्याबद्दलची मोठी चाचणी २००४ साली प्रसिद्ध झाली, ३८७ स्त्रियांची. गोळी चालू असताना सहा महिन्यांनी ९० टक्क्यांहून अधिक जणी संसर्गमुक्त होत्या, आणि गोळी बंद केल्यावर आणखी सहा महिन्यांनी तसं ४३ टक्केच उरल्या. बुरशी दबते, पण जमीन तशीच राहिली तर परत उगवते. आमच्या रुग्णाच्या बाबतीत जमीन कशाने बनते हे कळलेलं होतं, म्हणून आधी तिथे हात घालायचं ठरवलं.

एम्पाग्लिफ्लोझिन पुन्हा सुरू झाली ती सूचनांसकट. प्रत्येक वेळी लघवी झाली की साध्या पाण्याने पुढून मागे धुणं, टिपून कोरडं करणं. रात्री उठावं लागलं तरी. पाणी भरपूर पिणं. हा उपाय इतका साधा आहे की त्यांना तो आधी उपाय वाटलाच नाही. पण साखर कातडीवर राहूच दिली नाही तर बुरशीचं पोट भरणार कशावर? पिशवीतल्या बाटल्यांच्या तुलनेत हा खरा नैसर्गिक उपाय. नवऱ्याला औषध लागेल का, असंही त्यांनी विचारलं. त्याला खाज किंवा लाली नसेल तर लागत नाही.

तीन महिन्यांनी एकदा खाज परतली. प्रवासात होत्या, धुणं जमलं नव्हतं. या वेळी त्यांनी काहीही न लावता दुसऱ्याच दिवशी तपासून घेतलं. कातडी अखंड असल्याने क्लोट्रिमॅझोल लावता आलं आणि आठवड्यात बरं वाटलं. आणखी एकदा झालं तर साप्ताहिक गोळी द्यायची की एम्पाग्लिफ्लोझिन बदलायची, हे त्या आणि त्यांचे दोन्ही डॉक्टर मिळून ठरवतील. त्यांचा स्वतःचा कल गोळी चालू ठेवण्याकडे आहे, कारण लघवीतलं प्रथिन कमी झालेलं त्यांनी अहवालात बघितलं आहे.

दोन गोष्टींसाठी मात्र वाट न बघता थेट रुग्णालय गाठायचं, हे त्यांच्या फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं आहे. ताप येऊन जननेंद्रिय आणि गुदद्वार यांमधल्या भागात सूज आणि तीव्र दुखणं, कारण या गोळ्यांसोबत तिथला एक दुर्मीळ पण जीवघेणा संसर्ग नोंदला गेला आहे. आणि मळमळ, उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास, मग रक्तातली साखर कितीही बरी दिसत असली तरी. या गोळीवर असताना साखर न वाढताही रक्तात आम्ल साचू शकतं. उपास किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तर गोळी केव्हा थांबवायची ते आधीच विचारायचं, हेही त्याच पानावर आहे.